कांकणांची शुद्ध प्रत

गोव्याला निघाले म्हटल्यावर आमच्या कऱ्हाडच्या सोसायटीतल्या बायकांनी मला काजू सांगितले, कोकम सांगितलं आणि एकीने चक्क उन्हाची टोपी सांगितली. मी समुद्रावर लोळायला चालले आहे असंच सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मी निघाले होते भाचीकडे. वैदेही लग्न होऊन पेडण्यातल्या कोरगावला गेली त्याला चौदा वर्षं झाली, आणि गेली काही वर्षं ती शेजारच्या धारगळला एक खोली चालवते. वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोची मुलं ज्या पालकाकडे राहत नाहीत, त्याला या खोलीत भेटतात. भेट चालू असताना वैदेही कोपऱ्यात बसून राहते आणि जे घडलं ते कोर्टाला लिहून कळवते. फोनवर हे तिने मला दहादा समजावलं होतं आणि दहाही वेळा मी "हो का, छान" म्हटलं होतं. शेवटी म्हटलं, छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले, आता वेळच वेळ आहे, डोळ्यांनीच बघून येऊ.

आंबोलीला बस थांबली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की हातातली भजी तेवढी दिसत होती. ती खाल्ली आणि तिथेच घात झाला. पोट भरल्यावर मला जी झोप लागली ती कोलवाळच्या पुलावर मोडली. धारगळ मागे राहिलं होतं. उतरले, तर समोर एक पायलट (भाड्याने मोटारसायकलवरून नेणारा) उभा.

"खंय वचपाचें, मावशी?"

"धारगळ."

"ता फाटी रवला. बसा. बॅग माका दिया."

बासष्टाव्या वर्षी, नऊवारीत नसले तरी पाचवारीत, परक्या माणसाच्या मागे मोटारसायकलवर बसून मी परत पूल ओलांडला. "घट धरा हां," असं तो प्रत्येक खड्ड्याआधी नेमाने सांगत होता आणि खड्डे काही कमी नव्हते. वैदेही मला घ्यायला हायवेवर उभी होती. मला त्या अवस्थेत पाहून ती इतकी हसली की मी उतरल्या उतरल्या तिला दोन शब्द सुनावले.

कोरगावचं घर काजूच्या बागायतीला लागून आहे. सकाळी पोदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत येतो, की घराघरांतून बायका टोपल्या घेऊन बाहेर पडतात. वरून कडक, आत मऊ असे उंडे आणि त्याबरोबर अळसान्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची नारळ घातलेली आमटी) हा तिथला नाश्ता. मी चार उंडे खाल्ले. वैदेहीची जाऊ मनापासून वाढत होती, नाही म्हणवेना.

शनिवारी मी तिच्याबरोबर खोलीवर गेले. हायवेच्या मागच्या बाजूला, पूर्वी बालवाडी भरायची ती जागा. बुटक्या खुर्च्या, चटई, खेळण्यांची पेटी, भिंतीवर मुलांनी काढलेले हत्ती. मला आत बसायची परवानगी नव्हती, म्हणून मागच्या स्वयंपाकघरात चहाचं बघायला ठेवलं. त्या दिवशी येणार होता उल्हास. (सगळ्यांचीच नावं मी बदलली आहेत.) हा मूळचा दोडामार्गकडचा, आता सुर्ल्याला घर करून खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. बायको संजना कोरगावला माहेरी, आणि सहा वर्षांची गार्गी तिच्याकडे. दीड वर्षापूर्वी भांडणाच्या भरात हा मुलीला घेऊन गावी गेला आणि दोन दिवस फोन बंद करून बसला. ते दोन दिवस संजनाने कसे काढले असतील ते सांगायला नको. तेव्हापासून त्याला मुलगी भेटायची ती या खोलीत, दोन तास, वैदेहीच्या डोळ्यांसमोर.

"पण आता चवथीला त्याने अर्ज केलाय," वैदेही म्हणाली. गणेशचतुर्थीला तिकडे चवथ म्हणतात. "एक दिवस गार्गीला सुर्ल्याला घरच्या गणपतीला न्यायचंय. बरोबर कुणी नको. आजच्या भेटीचा अहवाल बघून कोर्ट ठरवणार."

आत दोन तास काय चाललं ते मला दिसलं नाही, ऐकू मात्र आलं. पोर खिदळत होती. मधेच बापाचा आवाज, "हळू गो, मोडतला!" आणि पुन्हा खिदळणं. जाताना तो मागच्या दाराने आला, चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि मला म्हणाला, "माझी चूक मी मान्य केलंय, मावशी. आता फक्त हाडून पावती करूक मेळूक व्हयी." मुलगी नेऊन परत आणून पोचवायची एक संधी, एवढंच तो मागत होता.

आता माझा पराक्रम. त्या दुपारी लाइट गेली ती गेलीच. अहवाल सोमवारी द्यायचा, छापायचं यंत्र बंद. वैदेही टिपणवही घेऊन हाताने उतरवायला बसली आणि तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी म्हटलं, दे इकडे. तिने थोडे आढेवेढे घेतले, पण माझ्या अक्षरापुढे कुणाचं चालत नाही. वैदेहीची पद्धत अशी की जे कानावर पडलं, डोळ्यांना दिसलं ते तिथल्याच शब्दांत लिहायचं, स्वतःचं विशेषण घालायचं नाही. वहीत लिहिलं होतं, "बापाशीन दोन कांकणां हाडल्यान. चेडवान हातात घातल्यान. मगे एक आवशीक व्हेल्यान." हे असं कोर्टात पाठवायचं? माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "वडिलांनी मुलीसाठी दोन कंकणे आणली. ती तिने हातांत धारण केली. नंतर त्यांतील एक कंकण तिने आईसाठी नेले." वैदेहीने शेवटच्या पानावर सही केली. "तू लिहिलंस म्हणजे बघायलाच नको," असं म्हणाली, आणि मी खूश झाले.

बुधवारी फोन आला. संजनाच्या वकिलांनी हरकत घेतली होती. कोर्टाच्या अटीत स्पष्ट होतं की दागिना, मोबाइल, रोकड असं काही मुलीच्या हातात द्यायचं नाही. इथे तर बाप मुलीला कंकणं घालतो, वर तिच्याच हातून बायकोला पाठवतो. असा माणूस चवथीला मुलीला घेऊन काय करील याचा भरवसा काय?

वैदेहीने अहवालाची प्रत काढली, वाचली आणि कपाळावर हात मारला. "मावशी! कांकण म्हणजे पाव गं! पोदेराकडे मिळतो तो. बांगडीसारखा गोल, कडक. पोरं आधी हातात घालतात आणि मग खातात."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या "मोडतला"ला मी स्वयंपाकघरात बसून हसले होते, तो पावच मोडत होता. एका बापाची चवथ मी माझ्या शुद्धलेखनाने मोडली होती. वैदेहीने संजनाला फोन लावला. तो तिच्या भावाने उचलला (वकिलांकडचं सगळं तोच बघत होता) आणि "आता कोर्टातच उलय (बोल)," म्हणून ठेवून दिला.

शुक्रवारी आम्ही कोर्टात गेलो. छोटीशी खोली, पंखा, दोन बाकं. वैदेहीने उभं राहून खुलासा केला. वकील हसले. "अडचण आली तेव्हा सोन्याचा पाव झाला काय?" टिपणवही दाखवली, तर त्याचाही उपयोग होईना, कारण तिकडे बांगडीलाही कांकणच म्हणतात. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे अक्षर कोणाचं? मी उठले. माझं आहे म्हणाले, आणि मी काय केलं ते सगळं सांगितलं. छत्तीस वर्षं मुलांना उभं करत आले, त्या दिवशी कळलं उभं राहणं काय असतं. बाहेरच्या माणसाकडून अहवाल उतरवून घेतल्याबद्दल त्या वैदेहीला चांगलंच बोलल्या. वैदेहीने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. "चूक माझी आहे, मॅडम. सही माझी आहे," एवढंच म्हणाली. शरमेने माझी मान खाली होती, तरी मनात आलं, ही आपली पोर.

पण त्याने उल्हासचं काय भलं होणार? पाव खाऊन आठवडा झाला होता. पुरावा पोटात गेला होता.

तेव्हा संजना उठली. किडकिडीत बाई, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. वकिलांनी तिला हाताने बस म्हणून खुणावलं. शेजारी भाऊ बसला होता. ती बसली नाही.

"मॅडम, ता सोन्याचा न्हय. पोदेराकडचा कांकण ता."

"तुम्हाला कसं माहीत?"

भावाकडे तिने पाहिलं नाही. "चेडवान माका हाडून दिल्यान. मी खाल्लंय. चायेत बुडवून." आणि मग जरा मोठ्याने, "फट (खोटं) कित्याक सांगू?"

ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही म्हणून ती माहेरी राहिली होती, त्याने पाठवलेलं आपण खाल्लं, हे तिने भावादेखत, वकिलादेखत सांगितलं. गप्प बसली असती तर दावा तिच्या बाजूने झुकत होता. उल्हास मान खाली घालून बसला होता आणि दोन्ही हातांनी टोपी चुरगाळत होता. त्या बाईचा मला इतका अभिमान वाटला की वाटलं, उठून तिची दृष्ट काढावी.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, देखरेखीशिवाय. कोर्टाने परवानगी दिली आणि एक मिनिट उशीर झाला तर पुढचं सगळं बंद, असंही बजावलं. मी माझं परतीचं तिकीट पुढे ढकललं.

त्या दिवशी दहा वाजता उल्हास शेजाऱ्याची व्हॅन घेऊन आला आणि गार्गीला घेऊन गेला. संजना पाच वाजता यायची, ती चारलाच येऊन बुटक्या खुर्चीवर बसली. दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला चालले होते, हायवेवर गर्दी तुंबली होती, ढोल वाजत होते. साडेचार झाले. संजनाने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मी चहा केला, तो तिने घेतला नाही. वैदेही वही उघडून बसली होती, पण पेनचं टोपण तिने काढलं नव्हतं. पावणेपाच झाले तेव्हा मी मनातल्या मनात त्या मेल्याला शिव्या घालायला सुरुवात केली.

पाचला आठ मिनिटं असताना व्हॅन दारात लागली.

इथला नियम असा, की आणणाऱ्याने मुलाला दारात सोडून निघून जायचं, घेणाऱ्याने आत जागेवरच बसून राहायचं. मधली पावलं मूल वैदेहीचं बोट धरून चालतं. दोघांची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, कारण गाठ पडली की भांडण होतं आणि ते मुलाच्या डोक्यावरून होतं. पण गार्गी झोपली होती. बापाच्या खांद्यावर गाल चेपून, तोंड उघडं टाकून. ती चालणार कशी? वैदेही तिला घ्यायला पुढे झाली, आणि मग एक पाऊल मागे सरली.

उल्हास तसाच उभा राहिला. संजना उठली आणि त्याच्यापाशी गेली. त्याने खांदा वाकवला, तिने हात खालून घातले, आणि पोरगी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. जागीही झाली नाही.

"आताच डोळो लागलो," उल्हास म्हणाला.

"चेडू जेवला?"

"जेवला. दोन पातोळे (हळदीच्या पानातले गोड पदार्थ) खाल्ल्यान."

संजनाने पोरीचे केस सारखे केले. मग त्याच्याकडे न बघताच विचारलं, "आणि तू? जेवलंस?"

ते गेल्यावर मी वैदेहीला विचारलं, मागे का सरलीस? ती म्हणाली, "मी मधे नसले तरी चालतं का, ते बघत होते." एवढं म्हणाली आणि खुर्च्या आवरायला लागली. या पोरीला लहानपणी मी पाढे चुकले म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं. आज तिच्यापुढे मला माझी सगळी विद्या थोडी वाटली, आणि त्याचं वाईट मुळीच वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारी निपाणीकडची एक बाई होती. माझ्याच वयाची. घाट चढेपर्यंत आमच्या गप्पा रंगल्या आणि मी न विचारता तिला वैदेहीच्या खोलीचं सगळं पुराण ऐकवलं. ती ऐकत गेली. शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नातीला बघून आठ महिने झाले. सून तिला आणू देत नाही, मुलगा मला तिकडं जाऊ देत नाही." आणि मग, "असली खोली आमच्याकडं कुठं हाय का हो?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "धारगळला आहे. माझी भाची चालवते. नंबर लिहून देते, विचारा तिला."