भावजींचा परवा

पुतण्याचा फोन आला. "काकू, बाबा परवा गेले." मी विचारलं, परवा म्हणजे मंगळवारी? तो म्हणाला, "नाही, वीसेक दिवस झाले." हैदराबादेत परवा म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस, दख्खनीतल्या 'परसों'ने इथल्या मराठीलाही ही खोड लावली आहे. लग्न होऊन मी पुण्याहून सुलतान बाजारच्या घरात आले तेव्हा हे मला समजावलं ते अनंतभावजींनीच, माझ्या धाकट्या दिरांनी. त्यांना "परवा भेटलेला" मित्र दहा वर्षांपूर्वी भेटलेला निघाला होता! तेव्हापासून मी परवा म्हटलं की ते चिडवायचे, "वहिनी, पुण्याचा परवा की आमचा?"

भावजी पुलांचे इंजिनिअर. देशाची बाजारपेठ खुली झाली, रस्त्यावर नव्या नव्या मोटारी आल्या आणि शहराला मोठा उड्डाणपूल हवासा झाला. त्याची आखणी त्यांच्याकडे आली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. रविवारी सिकंदराबादेहून जेवायला आले की पापडाचे तुकडे मांडून खांब कुठे येतील ते दाखवायचे. माझे यजमान नुकतेच गेले होते आणि पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास काढायचा, त्यावरच पुढचं सगळं निभवायचं, असं मी ठरवलं होतं. खोलीला हात लावण्याआधी भावजींना स्पष्ट विचारलं, पूल आपल्या घरावरून तर जात नाही ना? "घाबरायचं नक्को, वहिनी. बिनधास्त फरशी घालून घ्या." फरशी बसली त्या दिवशी स्वतः पाणसळ घेऊन आले. गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, कोपऱ्याकोपऱ्यात ती ठेवून तिच्यातला बुडबुडा मध्यावर येतो का ते बघत राहिले. एक फरशी किंचित वर आली होती, ती गवंड्याकडून पुन्हा बसवून घेतली.

क्लास जेमतेम पावसाळाभर चालला आणि घर पाडायची नोटीस आली. भावजी म्हणाले, "पुलाची रेषा परवाच बदलली हो वहिनी, माझ्या हातात काही नव्हतं." मी विश्वास ठेवला. मग हरकत नोंदवायला कचेरीत गेले, तर टेबलावर नकाशा पसरलेला. एक खांब बरोबर माझ्या पुढच्या खोलीत, खाली भावजींची सही, आणि तारीख फरशी बसण्याच्या चार महिने आधीची. विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "मी परवा म्हणालो होतो ना..." शब्दाच्या आड लपले! माझा परवा कोणता, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आधी सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, आणि दुसरीकडे खोली शोधली असती. त्यांनी मला फरशी घालू दिली. ते मी माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

आता दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये मी शिवण शिकवते. त्या पुलावरून मात्र एकदाही गेले नाही. ऑटोवाल्याला खालून घ्यायला सांगते. पूल उत्तम झालाय म्हणतात. असेल, कामात ते चोखच होते. पुतण्याला विचारलं, शेवटी माझं नाव काढलं का रे? "हौ काकू. म्हणाले, वहिनींकडे माझी पाणसळ राहिलीय."

आहे. मशीनच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली. फरशी बसली त्या दिवशी ती विसरून निघाले होते. मी मागून हाक मारली, तर वळूनही न बघता म्हणाले, "राहू द्या वहिनी, परवा नेतो."