माळ्यावरची घडीची शिडी

"शिडी सोडतोय, सरका जरा."

शिरोलीला फाउंड्रीत कामाला असलेला आमचा शेजारी रोज असं ओरडूनच माळ्यावरून खाली उतरायचा. घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्या भावाला खालची खोली मिळाली आणि याला माळा. जिना आपल्या वाटणीत येतो म्हणून थोरल्याने तो काढूनच टाकला. भाऊबंदकीत माणसं कुठल्या थराला जातात, हे तुम्हाला मी काय सांगू?

हा भांडला नाही. तीन तुकड्यांत मिटणारी लाकडी शिडी त्याने स्वतः बनवली आणि सुट्टीच्या दिवशी माळ्याच्या तोंडाला जाड सागवानी झडप बसवून तिला जोडली. झडप खाली सोडली की शिडी उलगडून जमिनीला टेकायची, वरून किंवा खालून दोरी ओढली की सगळं छताला चिकटायचं. चौकट धरायला मी होतो. आपल्या भिंतीला खिळा लागू नये म्हणून थोरला खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला होता. दोघांत बोलणं बंद. मी याला म्हटलं, शिडी खालीच राहू दे म्हणून विचार तरी. तर म्हणाला, "पाय माझं, जागा त्येंची. कशाला इचारायचं?"

एकदा थोरल्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले. बोलण्याच्या नादात याची हाक कुणी ऐकली नाही, आणि पोह्यांच्या बश्यांमध्ये शिडी येऊन टेकली. फाउंड्रीच्या काळ्या कपड्यांत हा खाली उतरला, "बसा पावणं, मी चाललोय," म्हणाला आणि डबा घेऊन चालता झाला. गल्ली पोट धरून हसली. थोरला नाही हसला. त्याने झडपेला खालून कडी बसवली. मग याने वरून हाक द्यायची आणि थोरल्याने मनात येईल तेव्हा कडी काढायची. तेही याने सोसलं. मला याचा राग यायचा आणि कीवही यायची.

चैत्रात थोरल्याची बायकामुलं जोतिबाच्या यात्रेला गेली. खाली थोरला एकटा, वर रात्रपाळी करून आलेला हा. दुपारी हा कौलं फोडून छपरावर आला आणि जिवाच्या आकांताने आम्हाला हाका मारू लागला. आम्ही पुढचं दार तोडलं. छातीत कळ येऊन थोरला झडपेखालीच पडला होता. सगळं संपलं होतं. लाथा मारून मारून याचे पाय रक्तबंबाळ झाले होते. झडप त्याच्याच हातची, पक्की. ती हलली नव्हती.

तेराव्यानंतर वहिनीने रडत त्याला खालीच राहायला सांगितलं. त्याने उचगावला खोली घेतली. निघताना माझ्याजवळ थांबला.

"इतक्या वर्सांनी दादानं माझं नाव घिऊन हाक मारली. 'खाली ये' म्हणाला. मी वरनं वरडत हुतो, कडी हाय, कडी हाय. त्येला ऐकूच गेलं न्हाय. मी रागानं येईना झालोय, असं समजूनच गेला की ओ त्यो."

तसं नसेल रे, असं मी म्हणालो. तोवर तो चालायला लागला होता. आमच्या गल्लीत तो पुन्हा कधी आला नाही.