रचलेली लाकडं

भातकुलीच्या शेतातली बांधावरची बाभूळ पडली, आणि बाबा तिला ट्रॅक्टरवर घालून अमरावतीच्या घरी घेऊन आले. निवृत्त माणसाला काम मिळालं की घरादाराने सावध व्हावं. आम्ही झालो नाही.

बाभूळ ओली असेतो फोडावी, वाळली की कुऱ्हाड उडते, हे ज्ञान बाबांनी आम्हाला रोज दिलं. दिवाळीनंतरच्या गार सकाळी ते मफलर गुंडाळून अंगणात उतरायचे. फोडलेलं प्रत्येक लाकूड दोरीने मोजायचे, बोटभर जरी लांब निघालं तरी पुन्हा करवत. मग कुंपणाच्या भिंतीला लागून थप्पी रचली. जाड खाली, बारीक वर, साल आभाळाकडे. गल्लीतले लोक बघायला येऊ लागले. उद्घाटनाला आलेल्या आमदारासारखे बाबा थप्पीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत.

त्याच सुमारास गिझर जळाला. दुरुस्त करायचा नाही, कारण घरात लाकडं आहेत. लाकडं जाळायची नाहीत, कारण ती रचली आहेत. गॅसवर पाणी तापवणं म्हणजे उधळपट्टी. एवढं शिस्तशीर धोरण मी सरकारी कचेरीतही पाहिलं नव्हतं. भर डिसेंबरात, कंबरेएवढ्या सरपणाशेजारी, आम्ही थंड पाण्याने आंघोळ करून दात वाजवत होतो. आईचे गुडघे धरले. सकाळी ती भिंतीला हात लावत चालायची, ते बघून मला बाबांचा मनापासून राग यायचा.

एका सकाळी आई सरळ थप्पीजवळ गेली.

"हात नोको लावू," बाबा ओट्यावरून म्हणाले.

"कावून?"

बाबांनी मफलर सारखा केला. "मागच्या थंडीत भाऊच्या मातीले गेलो, तवा मसनातून घरी आल्यावर कोनाले ऊन पानी नाई भेटलं. म्हातारी म्हातारी मानसं थंड्या पान्यानं आंगोय करून आपापल्या घरी गेली. मले लाज वाटली. मी गेल्यावर मानसं येतीन, त्याइच्यासाठी हाय हे."

मला हसू आलं आणि बाबांच्या तोंडाकडे बघून ते गिळावं लागलं. माणूस पूर्ण गंभीर होता.

आई मात्र हलली नाही. "तुमच्या मातीले येनाऱ्याइले ऊन पानी, अन् घरातल्या बाईले थंडं," ती म्हणाली. "अन् मीच पयले गेली त?"

बाबांनी सगळं मोजलं होतं, हे मोजलं नव्हतं. आईने मधलंच एक लाकूड ओढलं आणि अर्धी थप्पी धाडधाड अंगणभर पसरली. बाबा उठले, तीन विटा मांडल्या, चूल पेटवली आणि हंडा चढवला. जाळ धरल्यावर ते एकेक जाडजूड लाकूड आत सारत राहिले, आई पुरे म्हणाली तरी.