बॅटरीमावशीची दोन बोटं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅटरीमावशीचं दुकान आहे. नवऱ्याची पाठ गेली तेव्हा मावशीने पाना हातात घेतला, त्याला वीस वर्षं झाली. नवी बॅटरी मी तिच्याकडूनच घेतली, पण बसवली माझी मी. दोन बोल्ट तर आवळायचे, त्यात काय मोठं! बायको म्हणत होती, "अहो, मावशींना बसवू द्या." ऐकेन तर शपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला डायलिसिसला न्यायचं होतं. आधीची खेप हुकलेली, पाय सुजलेले, धाप लागत होती. तिला गाडीत बसवलं, किल्ली फिरवली, आणि नुसतं टक्! पुन्हा टक्! माझ्या तोंडचं पाणी पळालं. घाबरलो की मी चिडतो. तडक दुकानात गेलो आणि ओरडलो, "मेलेली बॅटरी गळ्यात मारलीत!"

मावशी भांडली नाही. पाने उचलले आणि आली. आमच्या गाडीच्या बॅटरीला केबल वरून नाही, बाजूने बोल्टने बसते. तिने केबलची कडी दोन बोटांत धरली आणि फिरवली. गरकन फिरली की हो!

"अहो, जीव खाऊन आवळलं होतं मी!"

"बोल्ट जुना घातलात, या नव्या बॅटरीला तो लांब पडतो," ती बॉनेटआडून हळूच म्हणाली. "आत जाऊन टेकला, म्हणून पान्याला घट्ट लागला. केबल सैलच राहिली."

तिने ब्रशने कडी घासली, आखूड बोल्ट आधी हाताने फिरवले, मग छोट्या पान्याने बेताने आवळले. "शिसं मऊ असतं. जोर केला की आटे गेलेच." शेवटी पुन्हा तीच दोन बोटं. कडी हलली नाही.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू! बायकोने आतून विचारलं, "काय झालं होतं हो?"

"खड्ड्यांनी सैल होतं कधी कधी, ताई," मावशीच बोलली. "निघा आता."

वेळेत पोचलो. मशीन सुरू झालं, हळूहळू हिची धाप बसली, आणि माझा जीव भांड्यात पडला. रडलो चक्क. मग राहवेना. म्हटलं, "खड्डे-बिड्डे काही नाही गं. चूक माझी होती."

"ते मला तिथेच कळलं," ती म्हणाली. "मावशी खोटं बोलत होत्या आणि कान तुमचे लाल झाले होते. मी चार तास इथेच आहे. जा, त्यांची माफी मागून या."