वाचून न दाखवलेला परिच्छेद

तुमच्या शेवटच्या सहीच्या वर नेमकं काय लिहिलं होतं, सांगता येईल?

आमच्या नऊ लोडरना ते सांगता आलं नाही. लोडर म्हणजे विमानात बॅगा चढवणारे-उतरवणारे. दोष त्यांचा नव्हता. कागद इंग्रजीत होता आणि वाचून दाखवणारा मी होतो.

एका छोट्या विमान कंपनीच्या सोलापूर ऑफिसात मी चेक-इन काउंटरला होतो. तीन महिने कुणाचाच पगार झाला नव्हता. अशात मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. लोडरना कंपनीच्या पेरोलवरून काढून एका ठेकेदाराकडे द्यायचं होतं.

"सह्या आजच हव्यात. तुझं ऐकतात ते."

त्यांनी पुढं केलेलं इंग्रजी पत्र मी वाचलं. शेवटी लिहिलं होतं, कंपनीकडून माझं काहीही येणं बाकी नाही.

"सर, आणि तीन महिन्यांचा पगार?"

"फॉर्म्यालिटी आहे रे. तेवढं वाचून उगाच घाबरवू नकोस. तू पेरोलवरच राहणार आहेस."

त्या शेवटच्या वाक्यावर मी पत्रांचा गठ्ठा उचलला. माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनमधले. लहानपणी मी पत्रकांच्या घड्या घातल्यात, कारखान्यांच्या गेटवर ती वाटलीत. आदल्याच आठवड्यात लोडरना हक्कांवर भाषणही दिलं होतं. म्हणून तर ते माझं ऐकत होते.

सामानाच्या ट्रॉल्यांजवळ उभं राहून मी मराठीत सांगितलं: पगार आता ठेकेदार देणार, काम तेच, युनिफॉर्म तोच. तिथंच थांबलो.

बिरामामा सगळ्यांत वयस्क. सांगोल्याकडचे. चिंचोळी एमआयडीसीतली कायम नोकरी सोडून आलेले. त्यांनी खालच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"हितं काय हाय रं?"

"नेहमीचंच असतंय, मामा."

"बग बाबा. तुज्या भरवशावर करतोय."

"करा की सही, मामा! कलेक्टरागत काय बगत बसलाय?" मागून एकजण ओरडला. सगळे हसले. मीही हसलो.

दीड महिन्यात विमानं बंद झाली आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. अशा वेळी एक अधिकारी नेमतात. ज्याचं येणं आहे त्यानं त्याच्याकडे क्लेम, म्हणजे मागणीचा अर्ज करायचा. आम्ही सगळ्यांनी केला. माझा मंजूर झाला. मंजूर म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे, निदान रांगेत जागा मिळते. त्या नऊ जणांना तीही मिळाली नाही. कारण तोच परिच्छेद. ठेकेदाराच्या सात रस्ता चौकातल्या ऑफिसला कुलूप.

मी बिरामामांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं.

"तू सही केली न्हाईस व्हय?"

"मला तो कागद द्यायचाच नव्हता, मामा."

"मंजी तुला ठावं व्हतं."

मी हो म्हणालो. त्यांनी आतल्या खोलीकडं बघून बायकोला सांगितलं, "च्या ठिऊ नगं."

मी प्रतिज्ञापत्र करून पाठवलं: तो परिच्छेद मी मुद्दाम गाळला. अधिकाऱ्याच्या ऑफिसातून फोन आला.

"वाचून दाखवणारे तुम्हीच होतात, याला पुरावा काय? कागदावर तुमची सही कुठं आहे?"

नव्हती. क्लेम नामंजूरच राहिले. बिरामामा आता चिंचोळीला रोजंदारीवर जातात.

माझी एक विनंती आहे. तुम्हाला न येणाऱ्या भाषेतला कागद कुणी वाचून दाखवला, तर त्याच्याकडून खाली लिहून घ्या, 'मी हा पूर्ण वाचून दाखवला.' नाव, तारीख, सही. मोबाइलवर फोटो काढा, मगच स्वतःची सही करा. वाचणारा हक्कांवर चांगलं बोलत असेल, तर नक्कीच घ्या.