उंबरा नसलेली मोरी

“आधी पाणी ओतू, मग बोलू.” कुणी कामाचं कौतुक करायला तोंड उघडलं की तोक्तोसून उस्ता एवढंच म्हणायचे. लेकीला मागणी घालायला पाहुणे आले तेव्हाही ते हेच बोलतील या धास्तीने बायकोने उस्तांनाच अंगणात बसवून ठेवलं होतं, असं आमच्या किझिल-कियात अजून सांगतात.

उस्ता म्हणजे कसबी कारागीर; चाळीस वर्षं त्यांनी या खाणगावातल्या इमारतींचं सांडपाणी वाहतं ठेवलं. मी त्यांतल्याच एका इमारतीत राहतो. लोखंडावर त्यांचा पाना पडला की भिंतीतून मला कळायचं, उस्ता आलेत.

त्या वसंतात माझ्या शेजारच्या जिन्यावरच्या म्हाताऱ्या उलकान आपांनी त्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. हिवाळ्यात बर्फावर पडून आपांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. न्हाणीघरात जुना लोखंडी टब, त्याचा काठ गुडघ्याच्याही वर. सून बुरुल त्यांना रोज उचलून आत ठेवायची, धुवायची, बाहेर काढायची. नमाजाआधी पाय धुवायचे तरी हात तिचाच.

“बाळा तोक्तोसून,” आपा म्हणाल्या, “मेल्यावर बायका मला धुतीलच. तोवर माझी मी धुवेन. हा लोखंडी बैल घरातून बाहेर काढ.”

“आपा, मी कधी तोंड वाकडं केलं का?” बुरुल म्हणाली.

“नाही केलंस गं. म्हणून तर जास्त लाज वाटते.”

टब निघाला, आणि खरी अडचण उघडी पडली. टबाचं पाणी भिंतीतल्या उभ्या नळात जमिनीपासून चार बोटं वर शिरत होतं. टब उंच, त्याला ते चालायचं. जमिनीवरच्या मोरीचं पाणी वर कसं चढणार?

“वीतभर ओटा बांधा की, उस्ता,” बुरुल म्हणाली. “सगळ्यांकडे तसंच आहे.”

उस्तांनी त्या नळाशी चार बोटं लावून पाहिली. मग म्हणाले, “माझ्या आईला मी असाच ओटा करून दिला होता. वीतभरच. ती त्यावरून पडली आणि परत उठली नाही. इथे उंबरासुद्धा नको.”

मग एकच रस्ता उरला. जमिनीला भोक पाडायचं आणि पाणी अडवून वास रोखणारा ट्रॅप खालच्या घराच्या छताला टांगायचा. खाली कालिक राहायचा. तीन वर्षांपूर्वी याच टबाचं पाणी सांडून त्याचं छत भिजलं होतं, आणि तेव्हापासून जिन्यात सलाम बंद होता.

उस्ता खाली गेले. मीही मागोमाग गेलो. कालिकच्या बायकोने दारातच नान पुढे केला. आमच्यात दारातला पाव न चाखता शत्रूसुद्धा माघारी जात नाही. उस्तांनी हात मागे घेतला.

कालिक लालबुंद झाला. “माझ्या घरचा पाव नाकारतोस?”

“तो तोंडात पडला की मी पाहुणा झालो. पाहुण्याला तू नाही म्हणणार नाहीस. तसला होकार मला नको, कालिक. आधी ऐकून घे.”

ऐकून घेतल्यावर कालिक हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “म्हातारीचं घाण पाणी माझ्या डोक्यावरून नेणार? आणि गळलं तर?”

“तर आधी माझ्या डोक्यावर गळेल. वरून पाणी ओततील तेव्हा मी खाली बसतो. तास भरेपर्यंत उठणार नाही.”

कालिक दारातून बाजूला झाला. म्हणाला, “बस मग. बघतोच.”

तीन दिवस काम चाललं. स्लॅबमधल्या सळयांना धक्का न लावता भोक पडलं. दर हातभर नळामागे बोटभर उतार दिला. ट्रॅप मुद्दाम खोल घेतला, कारण उन्हाळ्यात सगळं घर दोन महिने जायलूवर, म्हणजे डोंगरातल्या उन्हाळी कुरणात जातं. उथळ ट्रॅप तेवढ्यात सुकतो, आणि परतल्यावर माणसांच्या आधी गटाराचा वास घरात बसलेला असतो.

चौथ्या दिवशी उस्ता कालिकच्या न्हाणीघरात, बरोबर जोडाखाली, स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वरून बुरुल बादल्या ओतू लागली.

“मोज,” कालिक मला म्हणाला. “हा माणूस लबाडी करेल.”

वीस बादल्या झाल्या. कालिकने स्वतः हात वर करून जोड चाचपला, बोटं बघितली, पुन्हा चाचपला.

“कोरडं आहे,” तो कुरकुरला. “ऊठ आता, मान आखडेल.”

“तास व्हायचाय.”

तास झाल्यावरच उस्तांनी नानचा तुकडा मोडला. कालिकने चहा ओतला आणि वर जाऊन आपांना सलाम सांगायला बायकोला पाठवलं. स्वतः गेला नाही. तेवढा ताठा त्याने राखला.

फरशी बसली, सुकली. शुक्रवारी सकाळी आपा काठी टेकत सरळ आत गेल्या. पाऊल कुठेच उचलावं लागलं नाही. आतून कडी लागली.

“आपा, कडी नका लावू!” बुरुल ओरडली.

“गप बस. अंघोळ करतेय मी.”

पाणी सुरू झालं. उस्तांनी हत्यारांची पिशवी उचलली.

“जेवून जा, उस्ता,” बुरुल म्हणाली.

“आपा बाहेर येतील तेव्हा परका माणूस घरात नको,” ते हळूच म्हणाले आणि जिना उतरले.

मीही निघालो. दारातून मागे वळून पाहिलं, तर बुरुल स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. रोजच्या सवयीने बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हात कोरडे. खाली उस्ता पिशवी खांद्यावर टाकून चौक ओलांडत होते. पॉपलरच्या झाडांच्या रांगेआड ते दिसेनासे होईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली.