उसना दगड

भास्करकाका दफनभूमीच्या फाटकातून आत शिरताना टोपी काढत. झाडांना पाणी घालून झालं की झारी उलटी टांगत. बाकावर कधी बसत नसत. वाटेतल्या उंच दगडांना तळहात लावून हलकेच रेटून बघत.

"काका, मेलेल्यांना ढकलता कशाला?" कौमुदीने एकदा विचारलं.

"ढकलत नाही गं. हिवाळा कसा गेला, ते विचारतो."

काका निवृत्त इंजिनियर. कौमुदी मराठी घेऊन एम.ए. झालेली, नवऱ्याच्या पीएचडीपायी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नजवळच्या या गावात आलेली. मराठीत बोलायला तिला काका तेवढे होते.

दफनभूमी दीडशे वर्षांपूर्वीची. गिरण्या आल्या, चर्चचं आवार भरलं, तेव्हा ती गावाबाहेर आखली. मधोमध क्रूसासारखे दोन रस्ते, दुतर्फा लिंडनची झाडं. भिंतीलगत गिरणीमालक, ऐसपैस. आतल्या रांगांत कामगार. त्यांची जागा ठरावीक वर्षांनी पुन्हा खणायची, दुसऱ्याला द्यायची. तिथली माती पावलाखाली किंचित दबायची.

वारस नसलेला जुना दगड इथे दत्तक घेता येतो. तो सांभाळायचा, बदल्यात त्याच्याखाली आपलं माणूस ठेवायचं. काकांनी एका गिरणीमालकाचा दगड घेतला होता. भिंत खचली तेव्हा तो आणून कामगारांच्या रांगेत उभा केलेला. पुरुषभर उंच. त्याखाली सुलेखाकाकूंचा अस्थिकलश होता.

मार्चमध्ये दगडावर नगरपालिकेची पिवळी चिठ्ठी लागली. दगड हलतो. ईस्टरपर्यंत पक्का करा, नाहीतर आम्ही आडवा करू.

"आडवा म्हणजे तिच्या अंगावर," काका म्हणाले.

"दगडवाल्याला बोलवा ना."

"तो ईस्टरनंतर येतो म्हणे. जन्मभर कारखान्यात प्रेस-यंत्रांची अवजड धुडं बसवली मी. हा एक खांब बसणार नाही?"

त्यांनी दगडाचं वजन काढलं, कल मोजला, जॅक आणला. जमीन मात्र हिशेबात धरली नाही. कारखान्यात पायाखाली काँक्रीट असतं. इथे पुन्हा पुन्हा उकरलेली माती होती, आणि त्या मातीत कुजलेल्या पेट्यांच्या पोकळ्या.

शनिवारी सकाळी कौमुदी त्यांच्यासाठी पोहे घेऊन गेली. जॅक जमिनीत गेला होता. काका दगडाखाली होते. तिने हाक मारली. मग जरा हळू आवाजात, पुन्हा एकदा.

दगड क्रेनने उचलून नेला. काकूंच्या उशाशी खड्डा तसाच आहे. नव्या पायासाठी काकांनी कालवलेलं सिमेंट बादलीतच घट्ट झालं. त्यात थापी उभी आहे.